वन्संचे स्वच्छ हात

वन्सं त्या संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती.

दार मीच उघडलं. "वन्सं, दुसरी कुठं टाकलीत?" मी विचारलं. त्यांनी खाली बघितलं, पाय जरा वर उचलून बघितला आणि म्हणाल्या, "अगंबाई! कधी निघाली?"

मी हसले. चांगली पोट धरून हसले. बावन्न वर्षांची बाई, त्यातली सव्वीस बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवण्यात गेलेली, आणि स्वतःच्या पायातली चप्पल रस्त्यात सोडून आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझी मुलगी चप्पल शोधायला गेली, तर ती दोन गल्ल्या मागे, इस्त्रीवाल्याच्या दुकानासमोर सापडली. तिथून घरापर्यंत सगळी खडी टाकलेली. वन्संच्या तळव्यात एक खडा रुतून बसला होता. तोही त्यांना मीच दाखवला. खरं तर तेव्हा माझं हसू थांबायला हवं होतं, पण मी रात्री नवऱ्याला तो किस्सा पुन्हा रंगवून सांगितला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई-वडील लवकर गेले, ह्यांना वाढवलं वन्संनीच, आणि त्या धांदलीत त्यांचं स्वतःचं लग्न राहून गेलं. मी या घरात आले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या, "सासू नाही, सुटलीस!" त्यांनी वन्संना पाहिलं नव्हतं. मी घासलेली भांडी त्या परत विसळायच्या. मी घातलेली चादरीची घडी मोडून परत घालायच्या. बाई वाईट नव्हती हो, नीटनेटकी होती. पण इतक्या नीटनेटक्या माणसाबरोबर एका छपराखाली राहणं म्हणजे खायचं काम नाही.

त्यांच्या कारखान्यात एका लांब टेबलाशी सात बायका बसतात. बुटाचा वरचा भाग आणि खालचा सोल, दोन्हींना ब्रशने चिकटवायचं सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. किती थांबायचं ते घड्याळ सांगत नाही, बोट सांगतं. बोट टेकवलं की ओढ लागली पाहिजे, पण चिकटता कामा नये. ती वेळ साधली की दोन्ही एकावर एक बसवून दाबायचं. वन्संचं बोट कारखान्यात नावाजलेलं होतं. एकदा कुणीतरी फाटका बूट परत पाठवला, मालक तो घेऊन टेबलाशी आला, तर वन्संनी चष्मा लावून तो उलटासुलटा केला आणि त्याच्या हातात परत दिला. "चामडं फाटलंय. जोड बघा. माझा जोड सुटत नाही." ही गोष्ट आम्ही घरात निदान पन्नास वेळा ऐकली असेल.

तीन वर्षांपूर्वी मालकाने टेबलावर दोन नवे डबे आणून ठेवले. "ताई, कुठलं घ्यायचं तुम्ही ठरवा," म्हणाला. जुनं सोल्युशन डोळ्यांना फार झोंबायचं. बायका रडत रडत काम करायच्या आणि भर थंडीतही खिडक्या सताड उघड्या असायच्या. नव्या दोन डब्यांपैकी एकाचा वास गोडसर होता, डोळ्यांना काही त्रास नाही. वन्संनी तोच निवडला. हात पुसायचं थिनरही मग त्याच वासाचं आलं.

त्याच सुमारास पांढऱ्या बुटांचं मोठं काम आलं. पांढऱ्या बुटावर धुळीचा एक कण दिसला तरी माल परत येतो. शिवाय वाऱ्याने सोल्युशनवर वेळेआधी साय धरते. आता डोळेच झोंबत नाहीत, तर खिडक्या उघड्या कशाला? वन्संनी तिन्ही खिडक्या लावून घेतल्या. तरी फटींतून धूळ येतेय म्हटल्यावर स्टुलावर चढून, आपल्या हाताने, प्रत्येक फटीवर चामड्याच्या पट्ट्या चिकटवल्या. घरी येऊन ऐटीत म्हणाल्या, "आता मुंगी शिरायची नाही."

पुढच्या हिवाळ्यात त्यांचं दुखणं सुरू झालं. आधी पायांच्या बोटांना मुंग्या यायच्या. मग तळवे बधिर, फरशीवर चालताना मोजे घातल्यासारखं वाटायचं. मग घोटे दुखायला लागले, गुडघे दुखायला लागले. जिना उतरताना त्या कठडा धरायच्या आणि प्रत्येक पायरी आधी डोळ्यांनी बघून घ्यायच्या.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं, साखर असणार. वन्संनी चहातली साखर सोडली आणि मग रक्त तपासलं, तर साखर अगदी जागच्या जागी. मग थायरॉईड तपासलं, तेही ठीक. मग एक जीवनसत्त्व किंचित कमी निघालं आणि आम्ही सगळ्यांनी हुश्श केलं. दहा इंजेक्शनं झाली. वन्संच्या गालांवर तजेला आला, पाय होते तसेच. मग कुणी म्हणालं मानेचा मणका, म्हणून दीड महिना गळ्यात पट्टा. मग संधिवात, पण तो काही रक्तात सापडेना. एका डॉक्टरांनी पाळी जाण्याच्या वयावर खापर फोडलं. शेजारीण माझ्या कानाशी लागून म्हणाली, "एकटेपणाचं दुखणं असतं हो हे, बायकांना होतं." आमच्या ह्यांचा संशय गार फरशीवर होता, म्हणून त्यांनी घरभर सतरंज्या अंथरल्या, आणि वन्सं त्यांच्यात पाय अडकून दोनदा पडल्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं आमचं दीड वर्ष चाललं होतं.

प्रत्येक ठिकाणी विचारायचे, "काम काय करता?" वन्सं म्हणायच्या, "बसूनच असतं." मग डॉक्टर म्हणायचे, "मग रोज थोडं चालत जा."

माझं कारण वेगळं होतं, आणि ते मी तोंडावर बोलून मोकळी झाले. एका रविवारी वन्संच्या हातून कप सुटला. त्याच आठवड्यातला तिसरा. त्या नुसत्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "कप हातात आहे हेच कळलं नाही गं मला."

"कारखान्यात बरे कळतात बूट," मी म्हटलं. "घरातलं काम आलं की हात जातात. नाचता येईना अंगण वाकडं."

  खाली बसून त्यांनी तुकडे गोळा केले, एकेक, डोळ्यांनी बघून बघून. मला त्या दिवसाची लाज वाटते. आजही वाटते.

कारखान्यातही बरे कळत नव्हते बूट, हे पुढच्याच महिन्यात कळलं. मालकाने एक खोका टेबलावर उपडा केला. चोवीस बूट, सगळे वन्संच्या हातचे, आणि सगळ्यांचे सोल पुढून जीभ काढल्यासारखे सुटलेले. मालक काही बोलला नाही म्हणे. त्याने बोलायला हवं होतं, असं वन्सं म्हणाल्या. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी खांद्यावरची पिशवीसुद्धा काढली नाही. खुर्चीवर बसल्या आणि उजव्या हाताची तर्जनी अंगठ्यावर घासत राहिल्या. "हे बोट बोलेनासं झालंय," म्हणाल्या. "लावते, पण काही सांगतच नाही."

त्यानंतर आठवड्याभरात त्या जिन्यावरून पडल्या. घोटा सुजला म्हणून मी त्यांना मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसतील. मी मनात म्हटलं, ही काय सांगणार. तिने घोटा बाजूला ठेवला आणि गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. मग वन्संना डोळे मिटायला सांगितलं.

"टोचलं की सांगा."

"टोचा की आधी," वन्सं म्हणाल्या.

सुईचं टोक त्यांच्या अंगठ्यावर टेकलेलं होतं, कातडी खोलगट होईपर्यंत दाबलेलं. मी बघत होते. माझ्याच पायात कळ आली.

डॉक्टरीणबाईंनी सुई ठेवली. "काम काय करता?"

"बसूनच असतं."

"बसून काय करता?"

मग वन्संनी सांगितलं, आणि सांगताना नेहमीसारख्या खुलल्या. ब्रश, सोल, बोट लावून बघणं. डॉक्टरीणबाईंनी त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन उजेडाकडे वळवले. तळवे कोरडे, पांढरट, नखं लख्ख. "दिवसभर सोल्युशनचं काम करता आणि हात एवढे स्वच्छ कसे हो?"

"रोज सुटी झाली की थिनरने धुते," वन्सं म्हणाल्या. हा प्रश्न त्यांना फार आवडला होता. "फडका बुडवून, पार कोपरापर्यंत. बाकीच्या तशाच जातात घरी. आमच्या घरी लहान मूल होतं ना. भावजयीला चालायचं नाही."

ती भावजय म्हणजे मी. आणि ते लहान मूल आता सतरा वर्षांचं आहे. दीड महिन्याची होती ती, तेव्हा वन्सं कामावरून आल्या आल्या तिला उचलायला धावल्या. बोटांवर सोल्युशनचे सुकलेले काळे डाग. मी पोरीला छातीशी ओढलं आणि म्हटलं, "आधी ते हात धुऊन या. त्या हातांनी माझ्या बाळाला शिवायचं नाही." साबणाने ते डाग जात नाहीत हे मला कुठे माहीत होतं. आयुष्यात एकदाच म्हटलं मी तसं. त्यांनी ते सतरा वर्षं पाळलं.

डॉक्टरीणबाईंनी हे थिनर आणि सोल्युशन कधी बदललं का, ते विचारलं. खोली विचारली. मग वायरी लावून नसांची तपासणी करवली आणि दोन दिवसांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. या पातळ द्रवांमध्ये कधी कधी असं काही असतं, जे श्वासातून आत जातं, कातडीतून आत जातं आणि नसा मारतं. आधी सगळ्यात लांबच्या, म्हणजे पायांच्या, मग हातांच्या. सांध्यांना मुळात काही झालेलं नाही. पायातलं बळ गेलं, पाय कसा पडतोय ते कळत नाही, म्हणून वाकडं चालणं होतं आणि घोटे-गुडघे दुखतात. "गोड वासाचं बायकांना बरं वाटतं," ती म्हणाली. "झोंबणारं निदान सांगून तरी येतं."

"मग आता काम सोडलं की बरं वाटेल?" मी विचारलं.

"काम आजच सोडायचं. पण अजून काही महिने वाढेल. आत जायचं ते गेलंय. मग थांबेल. मग हळूहळू थोडं परत येईल, वर्ष लागेल, दोन लागतील. किती येईल ते मी सांगू शकत नाही." मग तिने वन्संकडे पाहिलं. "टेबलाशी आणखी कोण बसतं?"

"आम्ही सातजणी."

"आणि खिडक्या?"

वन्संनी पिशवी खांद्याला लावली आणि टेबलाला धरून उठल्या. 

इस्पितळाच्या बाहेर कट्ट्यावर आम्ही रिक्षाची वाट बघत बसलो. मला रडू आवरेना. "वन्सं, ते हात धुवायला मीच लावलं तुम्हाला," मी म्हटलं. "माझंच पाप."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, जरा चुकत, खांदा कुठे संपतो ते न कळून. "तुझं आपल्या घरापुरतं आहे गं," त्या म्हणाल्या. "डबा मी निवडला, खिडक्या मी बंद केल्या. माझं सहा घरांचं आहे."

आमचे हे डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मालकाकडे गेले. मालकाने चिठ्ठी दोनदा वाचली, चहा पाजला आणि म्हणाला, बाकी सहाजणी ठणठणीत आहेत, ताईंचं आता वय झालं. बायकांचंही तेच. वन्संच्या उजवीकडे नऊ वर्षं बसणारी, सगळ्या जिला बुटकी म्हणतात ती, भेटायला आली. तिला हे काम वन्संनीच शिकवलं. येताना फळं घेऊन आली आणि तासभर आम्हाला हसवत बसली. वन्संनी तिला विचारलं, "बुटके, तुझ्या पायाला मुंग्या येतात का?"

"मुंग्या कुणाला येत नाहीत, ताई? दिवसभर बसून राहिलं की येणारच. उठून दोन पावलं टाकली की जातात." आणि तिने उठून दोन पावलं टाकून दाखवली, नाचल्यासारखी. मी हसले. वन्संचा चेहरा पांढरा पडला.

"खिडक्या उघडा गं बायांनो," त्या म्हणाल्या.

"हो ताई, सांगते मालकांना."

त्यानंतरचे महिने डॉक्टरीणबाई म्हणाली होती तसेच गेले. वन्सं घरी बसल्या आणि आजार वाढतच राहिला. बटणं लावता येईनात, ती मी लावायला लागले. चमचा हातात फिरायचा. भांडी आता मी घासायचे आणि विसळायला कुणी येत नव्हतं, आणि मीच कधी कधी ती उगाच दुसऱ्यांदा विसळायचे. वन्सं दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. बुटकी रस्त्याने जाताना दिसली की तिच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत, पायांकडे बघायच्या. कशी टाकतेय पावलं, ते. मग मला हाक मारून विचारायच्या, "तुला कशी वाटली गं चाल?"

"बरी वाटली."

"मला नाही वाटली."

एक दिवस सकाळीच त्या म्हणाल्या, "मला कारखान्यात ने. आणि ती पट्ट्या कापायची सुरी घे, माझ्या पिशवीत आहे."

एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, असं दहा मिनिटांच्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. मालक माल उतरवायला बाहेर गेला होता. आत शिरल्याबरोबर तो गोड वास आला. चांगला वास होता, खोटं कशाला बोलू. सहाजणी ब्रश चालवत बसल्या होत्या. खिडक्यांखालच्या फळीवर पांढरे बूट ओळीने मांडलेले. तिन्ही खिडक्या बंद, आणि कडेने वन्संच्या पट्ट्या, सरळ, एकसारख्या, तीन वर्षांत कुठे टोकसुद्धा न उचललेल्या.

"ताई आल्या!" बायकांनी गलका केला. कुणी स्टूल पुढे केलं. वन्सं बसल्या नाहीत. सरळ मधल्या खिडकीपाशी गेल्या, काठी भिंतीला टेकवली आणि सुरी पट्टीखाली घालायला लागल्या.

"ताई, अहो पांढरा माल आहे! धूळ बसेल!" त्यांच्यातली एक चष्मेवाली म्हणाली. "तुम्हीच तर शिकवलंत."

"मीच शिकवलं. चुकीचं शिकवलं."

"मालक ओरडतील ताई. जाऊ दे ना."

पट्टी काही सुटेना. सुरी सरकायची, पट्टी तिथेच. मी म्हटलं, "वन्सं, द्या इकडे, मी काढते."

"जोड माझा आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय सुटायचा नाही." आणि दोन्ही हातांनी जोर लावला. डावा हात त्यांनी पट्टीवर दाबून धरला होता आणि सुरी कुठे फिरतेय ते त्या बघत नव्हत्या, पट्टीच्या वरच्या टोकाकडे बघत होत्या. खालच्या फळीवरच्या एका पांढऱ्या बुटावर लाल थेंब पडला. मग दुसरा. मग धारच लागली.

"ताई, रक्त!" चष्मेवाली किंचाळली.

वन्सं मागे वळल्या. सहाही बायकांकडे त्यांनी घाबरून, एकेकीकडे पाहिलं. "कुणाचं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक उघडं पडलं होतं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं, आणि त्या अजून आमच्याकडे बघत होत्या, कुणाला लागलं म्हणून.

 ब्रश होते तिथेच थांबले. मग बुटकी झटकन उठली, खुर्च्यांमधून वाट काढत खिडकीशी गेली, वन्संच्या हातातली सुरी काढून घेतली आणि स्वतःच पट्टीखाली घातली. मी वन्संना स्टुलावर बसवलं, त्यांचं बोट माझ्या पदरात दाबून धरलं आणि एखादं स्वच्छ फडकं मिळतंय का म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं.

तिथे बुटकीच्या जागी एक चप्पल पडलेली होती. एकच. बुटकी खिडकीशी उभी होती, तिचा उजवा पाय अनवाणी, जमिनीवरच्या कातरणांत आणि बारक्या खिळ्यांत.

 वन्संही माझ्या नजरेपाठोपाठ तिकडेच बघत होत्या.

"बुटके," त्या म्हणाल्या. "तुझी चप्पल."

बुटकीने खाली पाहिलं. पाय जरा वर उचलून पाहिला.

"अगंबाई," ती म्हणाली, "कधी निघाली?"

सवयीने ती हसली, आणि आमच्याकडे बघत राहिली, कुणीतरी हसेल म्हणून. कुणी हसलं नाही. तिचंही हसू मग हळूहळू उतरलं. ती खिडकीकडे वळली, सुरी खाली टाकली आणि दोन्ही हातांनी ती पट्टी ओढायला लागली.